तौवूला नाही म्हणायचं नसतं

शनिवार, १० फेब्रुवारी

पोचले बाई एकदाची! बोटीत ओकून ओकून जीव अर्धा झाला होता, पण सुवा शहराचं बंदर दिसलं आणि सगळं विसरले. खांद्यावर आईने विणलेली चटई, हातात बॅग, बगलेत भाजलेल्या कसाव्याच्या कंदांचं पुडकं, असा अवतार घेऊन होस्टेलच्या फाटकात उभी राहिले. पहारेकरी म्हणे, ताई, शिकायला आलीस की बाजार मांडायला? मी म्हटलं, आधी बाजार मांडते, जमलं तर शिकते. खो खो हसला आणि बॅग वरच्या मजल्यापर्यंत आणून दिली.

खोली छान आहे. छान म्हणजे पंखा खडखडतो, कपाटाचं एक दार निखळलंय, भिंतीला ओल आहे. पण खिडकी मोठी आहे आणि तिच्यातून बंदर दिसतं. खिडकीजवळची खाट मी लगेच पटकावली, चटई खाली अंथरली आणि तिच्यावर लोळून घेतलं. घराचा वास आला. मग आईला फोन लावला. घरात आम्ही दोघीच. बाबा मासे धरायला गेले ते परत आले नाहीत, तेव्हा मी रांगत होते म्हणे. तेव्हापासून तिला मी आणि मला ती. आमची मिला, म्हणजे मी, डॉक्टर होऊन परत येणार असं तिने अख्ख्या नाबुलेवा गावाला सांगून ठेवलंय. आधी पहिलं वर्ष तर पास होऊ दे म्हणावं! आमच्या कंदावू बेटावर नेटवर्क धड कधी असतं? पोचले, एवढंच तिला ऐकू गेलं.

दुपारी माझी रूममेट आली. केलेरा तिचं नाव. ना बॅग, ना वळकटी. सामान मागून येतंय म्हणे. उंच, दाट केसांची, गालाला खळी, आणि हसते अशी की खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन विचारावं काय झालं. तिने पहिला प्रश्न गावाचा विचारला. मी नाबुलेवा म्हटलं मात्र, तिने टाळी पिटली, माझ्या हातातला कसाव्याचा तुकडा हिसकावून तोंडात टाकला आणि पाठीत असा धपाटा घातला की मला ठसकाच लागला. म्हणे, अगं ए वाळक्या खेकड्या, ओळखलं नाहीस? मी मातानिकोरोची! आपण तौवू!

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! नाबुलेवा आणि मातानिकोरो यांचा मूळपुरुष एकच, म्हणून दोन्ही गावं एकमेकांची तौवू. तौवूने तुमच्या तोंडातला घास काढून घेतला तरी हसायचं, चारचौघांत टिंगल केली तरी हसायचं. नाही म्हणायचं नाही आणि रागवायचं तर मुळीच नाही. रागावला तो हरला. गावच्या बैठकीत म्हातारे मूळपुरुषाचं नाव घेतात तेव्हा मातानिकोरोचंही घेतात, पण तिथलं माणूस मला कधी भेटलं नव्हतं. भेटलं ते इथे, माझ्याच खोलीत! मी तिला म्हटलं, घे गं माझे तौवू, हवं ते घे. अनोळखी शहरात पहिल्याच दिवशी आपलं माणूस मिळालं. मजा येणार आहे.

रविवार, ११ फेब्रुवारी

चर्चला घालायचा पांढरा झगा कालच इस्त्री करून खिळ्याला लावला होता. आंघोळ करून येते तो केलेराच्या अंगात! म्हणे, बघ मला कसा बसतो, तुझ्यावर तर पोत्यासारखा लोंबत असेल. हसले. हसणं भागच. बॅगेच्या तळाचा चुरगळलेला निळा घातला आणि अख्खी प्रार्थना मांडीवरच्या चुण्या हाताने सारख्या करत बसले. केलेरा मात्र जोरजोरात गात होती. गाणी तीच, पण चाल कसली तरी जुनाट. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या वळून वळून बघत होत्या.

मेसमध्ये रविवार म्हणून नारळाच्या दुधातला मासा होता. माझ्या ताटात डोकं आलं होतं. मी पाणी आणायला उठले, परत येते तो केलेरा डोक्यातले डोळे चोखत बसलेली. माशाचं डोकं! अहो, सख्खी आई असली तरी माशाचं डोकं कोणी देतं का? पण तौवू म्हटल्यावर बोलायची सोय नाही. वर मलाच म्हणे, तुला डोकं नव्हतंच कधी, आता सवय कर. टेबलावरच्या सगळ्या हसल्या. मी पण.

आईचा फोन आला तेव्हा फोन हिच्या हातात, आणि मी येईपर्यंत त्याची बॅटरी संपलेली. तौवू भेटली हे आईला सांगायचं राहून गेलं. ती खूश झाली असती.

सोमवार, १२ फेब्रुवारी

वैताग! वैताग! वैताग!

पहिला तास रसायनशास्त्राचा. कागदावर एक सभागृह, दारावरच्या चिठ्ठीत दुसरं, आणि तास प्रत्यक्षात तिसरीकडेच. सुवाचा पाऊस काही थांबायला तयार नाही आणि माझी छत्री केलेराने सकाळीच नेलेली. चपलाही तिनेच नेल्या, माझे पाय तुझ्यापेक्षा नाजूक आहेत म्हणे. अनवाणी, निथळत सभागृहात शिरले तर सरांनी बोलणं थांबवून विचारलं, पोहत आलात का? सगळे हसले. पहिल्या दिवशी सगळ्या वर्गाला माझी ओळख झाली ती अशी.

शेजारी एक मुलगी बसली होती, शिवांजनी, बा नावाच्या गावाकडची. तिने आपला रुमाल दिला आणि मधल्या सुट्टीत बटाट्याची भाजी गुंडाळलेली रोटी अर्धी तोडून दिली. छत्री कुठाय, चपला कुठायत, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, मग तिला नाही म्हण ना! तोंडाला काय कुलूप लावलंय? मी तिला तौवूचं सगळं समजावून सांगितलं. तिच्या लोकांत असलं काही नसतं. म्हणे, बरं आहे बाई नसतं ते, नाहीतर माझ्या मावसबहिणींनी मला केव्हाच विकून खाल्लं असतं.

संध्याकाळी चपला मागितल्या. केलेराला कुठल्या चपला ते आठवेना. तिच्या पायात होत्या की! मी दाखवल्या. म्हणे, या होय, या माझ्याच आहेत, विचार कोणालाही. शेजारच्या खोलीतल्या मुलींना हसत हसत विचारलं, तर त्याही म्हणाल्या, केलेराच्याच ना त्या? मी गंमत म्हणून सोडून दिलं. पण नवीन चपला होत्या हो माझ्या.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

अख्खी सकाळ ओळखपत्राच्या रांगेत गेली. माझा नंबर आला आणि यंत्र बंद पडलं. बाईंनी यंत्राला थापट्या मारल्या, मग शिपायाने मारल्या, मग कोणी तरी येऊन तार काढून पुन्हा लावली. फोटोत मी नुकती समुद्रातून ओढून काढल्यासारखी दिसते. असो. मिळालं.

दुपारी केलेरा म्हणे, तौवू, जरा दे, ग्रंथालयात जाऊन येते. हिचं स्वतःचं ओळखपत्र नाहीच. रांगेत उभं राहायला नको, सगळं आयतं हवं! जाऊन येते म्हणाली ती आलीच नाही, आणि मेसच्या दारावर ओळखपत्र नाही म्हणून मला हाकलून दिलं. माझ्यासमोर आत बसून केलेरा कालवण ओरपत होती. तिने मला हात हलवून दाखवला.

खिडकीजवळची खाटही गेली. तिच्या खाटेवर पडले तर गादी गार आणि ओली. पाणी सांडलंस का विचारलं, तर म्हणे आमच्या गावची माती अशीच असते. सामान कधी येतंय विचारलं. येतंय म्हणे, लांबून येतंय.

मग मीही ठरवलं. तौवूपण काय एकटीचं असतं का? मलाही घेता येतं. म्हटलं, आता मीही तुझं घेणार. केलेरा इतक्या प्रेमाने हसली की मला लाजल्यासारखं झालं. म्हणे, घे की, माझ्याकडे जे आहे ते सगळं तुझंच. मी कपाट उघडलं. तिच्या बाजूला काहीच नव्हतं, एक रिबीनसुद्धा नाही. घेणार तरी काय, कपाळ!

बुधवार, १४ फेब्रुवारी

प्रचंड संतापले आहे.

प्रयोगशाळेत आज जागा नेमून द्यायच्या होत्या. वेळेच्या आधी पोचले. शिवांजनी आणि मी जोडीने बसणार होतो. सरांनी हजेरी घेतली, उलामिला असं माझं पूर्ण नाव पुकारलं, आणि मी हात वर करायच्या आत पलीकडून केलेरा म्हणाली, हजर. माझा अ‍ॅप्रन घालून उभी होती. मी म्हटलं, सर, उलामिला मी आहे. सरांनी तिच्याकडचं ओळखपत्र घेतलं, फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, ठीक आहे म्हणाले. मी पुढे होऊन ओळखपत्र हिसकावून पाहिलं. काल मीच काढून घेतलेला फोटो. तेच ओले केस, तीच निळ्या झग्याची कॉलर. चेहरा मात्र कोणाचा ते मला सांगता येईना. कितीही निरखलं तरी सांगता येईना. सर म्हणाले, यादीत नाव नसलेल्यांनी बाहेर थांबावं.

बाहेर व्हरांड्यात रडले. शिवांजनी येऊन म्हणाली, मूर्ख आहेस का, आत जाऊन ओरड ना! तिला काय सांगू?

होस्टेलवर आले तर केलेरा पाय पसरून माझ्या चटईवर बसलेली, जणू काही झालंच नाही. म्हणे, तौवू, नाव छान आहे गं तुझं. माझं फार जुनं झालंय, कोणी हाकच मारत नाही त्या नावाने. देतेस? आणि हसायला लागली. मी इतकी कावले होते, इतकी कावले होते की म्हटलं, घे बाई घे, नाव घे, गाव घे, सगळंच घे आणि एकदाची मला सोड.

तिचं हसणं थांबलं. माझा हात हातात घेतला. तिचा हात गार, त्या गादीसारखा. म्हणे, मग माझंही सगळं तुझं. अगदी हळू म्हणाली, एखाद्याने उपकार मानावेत तसं.

मला ते आवडलं नाही. चिडून बोलले म्हणजे काय खरं बोलले? उद्या वॉर्डनकडे जाऊन खोली बदलून घेते. तौवू गेली खड्ड्यात.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

वॉर्डनबाईंचं नाव वेरेनाईसी. आमच्याच बेटावरच्या आहेत, खाली ऑफिसात बसून दिवसभर विणकाम करतात. खोली बदलून हवी म्हटलं तर म्हणाल्या, पहिल्याच आठवड्यात भांडलात? कोण आहे तुझी रूममेट, कुठली? मी म्हटलं, मातानिकोरोची.

सुया थांबल्या. म्हणाल्या, गंमत करू नकोस, असली गंमत करत नाहीत. मी म्हटलं, गंमत कसली, ती स्वतःच म्हणते. आम्ही तौवू आहोत.

त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग सांगितलं. मातानिकोरोत कोणी राहत नाही. त्यांच्या आजीच्या आजीच्या काळात गोवराची साथ आली, तेव्हा गावातलं झाडून सगळं माणूस गेलं. एकमेकांना पुरायलाही कोणी उरलं नाही. झाडीने गाव गिळलं. आमच्या बेटावरचे लोक होडीतून त्या किनाऱ्याजवळून जाताना बोलत नाहीत, कारण तिथून हाक येते म्हणे. हसत येते. तौवू म्हणून. ओ द्यायची नाही, हे घराघरांत मुलांना सांगितलेलं असतं.

मला कोणी सांगितलं नाही. बाबांनी सांगितलं असतं, पण ते गेले. आईचं माहेर दुसऱ्या बेटावरचं, तिला तरी कुठून माहीत असणार!

त्यांनी विचारलं, काय काय दिलंस? मी सांगत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. म्हणाल्या, आता एक काडीही देऊ नकोस, मिळेल त्या बोटीने घरी जा आणि ती बोलायच्या आत आईशी तू बोल. त्यांचं म्हणायला मागे कोणीच उरलं नाही, पोरी, त्यांना सगळ्यात जास्त आपलं माणूसच हवं असतं. मी माझा फोन शोधला. केलेराकडे. आईचा नंबर आठवायला लागले. येईना. रोजचा नंबर, येईना! बाई म्हणाल्या, घाबरू नकोस, रजिस्टरमध्ये असेल, नाव सांग.

नाव सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, केलेरा.

पुन्हा प्रयत्न केला. केलेरा. हातांनी तोंड धरलं, सोडलं, केलेरा. बाईंनी खुर्ची मागे ओढली. भिंतीला टेकल्या. प्रार्थना पुटपुटायला लागल्या आणि मान वळवूनच म्हणाल्या, पोरी, तू कोणीही अस, बाहेर जा.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

बोट नाही. उद्या येते, परवा परत जाते.

शिवांजनी भेटली. धावत गेले. तिने हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाली, ए केलेरा, मिलाच्या वस्तू उचलणं बंद कर, ती बिचारी बोलत नाही म्हणून फार चढलीस. माझीच बाजू घेऊन माझ्याशीच भांडली. मला रडू यायला हवं होतं. पण तिच्या हातात रोटी होती.

मेसमधलं काही घशाखाली उतरत नाही, माती खाल्ल्यासारखं लागतं. रोटी दिसली आणि हात आपोआप गेला. हिसकावली, चावली. चव लागली! आणि मी हसले. मोठ्याने, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं. ते हसणं माझं नाही.

नाही माझं.

खोलीत आले तर केलेरा फोनवर होती. आईशी. आवाज माझा. हो आई, जेवले आई, तुझी फार आठवण येते. आणि मला ऐकू आलं, आईचं ते खाकरणं, मग म्हणाली, मलाही करमत नाही बाळा, उद्याच्या बोटीने येते.

मग मात्र माझा तोल गेला. ओरडले. नाही म्हणाले. स्पष्ट, तोंडावर, नाही! आई माझी आहे, तिला मी दिलेलं नाही, चालती हो!

केलेराने टाळी पिटली. रागावलीस! हरलीस! गोल गोल नाचली खोलीभर. रागावला त्याने दंड द्यायचा, म्हणे. आता गाव दे. मी तोंड आवळून धरलं, मान हलवत राहिले. पण द्यायला काय लागतं! ते परवाच देऊन बसले होते.

वहीच्या पहिल्या पानावर गावाचं नाव लिहिलंय. वाचता येतं. पण कोणा दुसऱ्याच्या गावाचं नाव वाचल्यासारखं वाटतं.

तिने ही वही मागितली नाही. म्हणे, तुझं रडगाणं मला कशाला?

शनिवार, १७ फेब्रुवारी

आई आली.

बंदरावर मी आधी पोचले. धावत, अनवाणी. लांबूनच ओळखलं तिला. हिरवा झगा, हातात टोपली. हाक मारली. तिने बघितलं, हसली, कोणाच्याही मुलीकडे बघून हसावं तशी, आणि बाजूने पुढे गेली. मागे केलेरा. आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटून गालाचा वास घेतला. मिला, म्हणाली. वाळलीस गं.

मी मध्ये घुसले. आई, मी आहे, हे म्हणायचं होतं. एवढंच. तोंडातून निघालं — टोपलीत काय लपवलंयस गं म्हातारे?

आई हसत सुटली. ही वाह्यात पोर कोण? केलेरा आईच्या मागे सरकली. आईने मलाच विचारलं, कुठल्या गावची गं तू?

नाबुलेवा. नाबुलेवा. नाबु —

मातानिकोरो, म्हणाले मी.

आई इतकी खूश झाली. इतकी. अगं बाई, तौवू! लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, एकही मेला दिसला नव्हता! तिने टोपली माझ्यासमोर उघडली. लेकीसाठी आणलेला मासा, पानात बांधलेला. घे, म्हणाली, आमच्याकडे तौवूला नाही म्हणत नाहीत.

मी नको म्हणणार होते.

खाल्ला. उभ्या उभ्या, काट्यांसकट. गोड लागला. भूक गेली नाही. वाढली.

आता खोलीत. ऊन आहे. मी कोपऱ्यात, त्या दोघी चटईवर. आई केलेराचे केस विंचरतेय. केलेरा हसत नाही आता. आईचा गुडघा घट्ट धरून बसलीय आणि माझ्याकडे बघतेय. घाबरलीय. तिला माहीत आहे ही भूक.

मी दात आवळून लिहितेय. लिहीत राहिले तर तोंड बंद राहील —

आईने कंगवा दिला. मी मागितला वाटतं. कानातलं दिलं. चष्मा दिला. हसतेय. डोळे बारीक करून बघतेय मला, काय गं तौवू, अजून काय हवं? लाजू नकोस, माग.

आई, जा. ऊठ आणि जा. आई हे लिहितेय ते वाच ना, चष्मा मी — चष्मा माझ्याकडे —

मागायचं नाही. मागायचं नाही. ती नाही म्हणणार नाही, तिला नाही म्हणताच — पोटात ओढ — तिच्या गळ्याजवळ धडधडतोय तो जीव, ऊबदार —

केलेरा ओरडली. माझ्या आवाजात ओरडली, देऊ नकोस आई —

मी काय बोलले? काही तरी बोलले. आई पुढे वाकलीय, कानामागे हात धरून, आणि म्हणतेय, एवढंच होय? मग मागतेस काय, घे की गं, तुझंच आहे ते, आणि माझा हात वही सोडून तिच्या —